जिवंत भाषा आणि विद्यापीठें

जी भाषा बाजारांत सहज कानीं पडते ती शिकण्यासाठीं विद्यापीठाची पायरी कशाला चढावी? प्रश्न साधा दिसतो. पण त्यावर एके काळीं मोठमोठ्या पंडितांत वाद माजले. त्या वादाचा निकाल केव्हांच लागला असें आपण समजतों. आमच्या मतें तो अद्यापि लागलेला नाहीं.

ऑक्सफर्ड येथील गोष्ट घ्या. सर रॉबर्ट टेलर या वास्तुशिल्पकारांनीं अर्वाचीन युरोपीय भाषांच्या शिक्षणासाठीं आपल्या मृत्युपत्रांत द्रव्य ठेविलें होतें. या भाषांचें अध्यापकपद १८५४ सालीं ज्या गृहस्थांस मिळालें, ते आपल्याकडे ऋग्वेदाचे संपादक म्हणून सर्वश्रुत असलेले मॅक्समुल्लर होत. त्यांचें मन मात्र संस्कृतांत. १८६० सालीं संस्कृतच्या अध्यापकपदासाठीं ते उभे राहिले आणि मोनियर विल्यम्स यांच्याकडून पराभूत झाले. पुढें १८६८ सालीं तौलनिक भाषाशास्त्राचें पद निर्माण होतांच ते तिकडे गेले. अर्वाचीन भाषांचा ऑनर्स अभ्यासक्रम तेथें सुरू व्हावयास १९०३ साल उजाडावें लागलें. अध्यापक आहे पण पदवी नाहीं, अशा स्थितींत जवळजवळ अर्धशतक गेलें!

या विलंबाचें कारण केवळ आळस नव्हे. इंग्रजी वाङ्मयाला पदवीचा विषय करावें कीं नाहीं, हा वाद १८८७ च्या सुमारास तेथें पेटला, तेव्हां इतिहासाचे अध्यापक फ्रीमन यांचा आक्षेप असा होता कीं, रसिकतेची परीक्षा घेतां येत नाहीं. परीक्षा घ्यावयाची ती निश्चित ज्ञानाची. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाहीं. कादंबरी वाचून आनंद झाला याबद्दल गुण कोण कसे देणार? परंतु जिवंत भाषांच्या कैवाऱ्यांनीं त्यावर जें उत्तर शोधिलें तें रोगाहून भयंकर ठरलें. त्यांनीं आपला विषय ग्रीक-लॅटिनइतकाच कठीण करून दाखविण्याचा चंग बांधिला. केंब्रिज येथें या भाषांची ट्रायपॉस परीक्षा १८८६ सालीं प्रथम झाली, तींत शब्दव्युत्पत्ति व मध्ययुगीन ग्रंथ यांचें प्राबल्य होतें. जिवंत भाषेला विद्यापीठांत प्रवेश मिळाला खरा, पण मृत भाषेचा वेष घेऊन! हा वेष उतरविण्याचा खरा उद्योग १९१७ च्या सुधारणांपासून सुरू झाला.

आतां घरची हकीकत. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें, आणि पुरतीं दहा वर्षें लोटण्यापूर्वींच वरच्या परीक्षांतून देशी भाषांना रजा मिळाली. संस्कृतादि अभिजात भाषांनीं बुद्धीला जें वळण लागतें तें या भाषांनीं लागणार नाहीं, अशी समजूत त्यामागें होती. न्यायमूर्ती रानडे यांनीं याविरुद्ध दीर्घकाल खटपट केली. त्यांची पद्धति लक्षांत घेण्याजोगी आहे. भाषाभिमानाच्या घोषणा न करितां मराठींत ग्रंथसंपत्ति कशी वाढत गेली याचें त्यांनीं समालोचनच विद्वानांपुढें मांडिलें. १९०१ सालीं एम्. ए. च्या परीक्षेंत मराठीला स्थान मिळालें, आणि त्याच वर्षाच्या आरंभीं रानडे निवर्तले. पुढें कलकत्त्यास आशुतोष मुखर्जी यांच्या पुढाकारानें १९१९ सालीं देशी भाषांची एम्. ए. परीक्षा सुरू झाली.

या सर्व इतिहासाचा विचार आजच कां? कारण ऑक्टोबर २०२४ मध्यें केंद्र सरकारनें मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. जी भाषा अभिजात नाहीं म्हणून एकदां दाराबाहेर काढली, तीच अभिजात ठरली. यांत काव्यमय न्याय आहे, आणि आम्हांलाही त्याचा आनंद आहे. तथापि या आनंदांत एक धोका लपलेला आहे. ताम्रपट, शिलालेख व हस्तलिखितें यांचें संशोधन अवश्य व्हावें. जुनीं रूपें न समजतां ज्ञानेश्वरी नीट वाचतां येत नाहीं, हें कोण नाकारील? पण मराठीचा मान तिच्या वयावरच मोजूं लागलों, तर केंब्रिजनें केलेली चूक आपणही करूं.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. मराठीच्या पदवीधराला जुना ग्रंथ लावतां यावा, हें तर झालेंच. परंतु आजच्या विषयावर स्वच्छ गद्य लिहितां यावें, आणि कानडी, गुजराथी किंवा बंगाली यांपैकीं एखादी भाषा मूळांतून वाचतां यावी. फ्रीमन यांच्या आक्षेपालाही हेंच उत्तर आहे. रसिकतेला गुण देतां येत नसतील; परंतु अर्थाचा अचूकपणा, वाक्याची बांधणी आणि भाषांतरांतील सचोटी यांची परीक्षा खचित घेतां येते.

शेवटीं एक गोष्ट घराघरांतील. मुलानें मराठी घेऊन पदवीधर होण्याचा विचार बोलून दाखविला कीं, ‘ती तर येतेच, तींत शिकावयाचें काय?’ असा प्रश्न वडील माणसें करितात. तसें पुसणाऱ्यांनीं एकदां आपल्या मनांतील एखादा गुंतागुंतीचा विचार मराठींत दोन पानें लिहून पाहावा. भाषा येते म्हणजे काय, हें तेव्हां कळेल. आणि मुलाच्या प्रश्नाचें उत्तर निराळें द्यावेंसें वाटेल.