मराठी संकेतस्थळासाठी वर्डप्रेस थीमची निवड : वेग, सुगम्यता आणि एसईओ यांच्या तुलनेचे परीक्षण

या टिपणात आपण वर्डप्रेसच्या चार थीम तपासणार आहोत : जनरेटप्रेस, ॲस्ट्रा, ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह आणि डिव्ही. कसोट्या तीन आहेत : पानाचा वेग, सुगम्यता आणि शोधयंत्रांसाठीची अनुकूलता, म्हणजे एसईओ.

अशा तुलना पुष्कळ वाचायला मिळतात आणि बहुतेकींची पद्धत एकच असते. थीम बसवायची, तिचे नमुना पान आयात करायचे, लायटहाऊसमध्ये पत्ता टाकायचा आणि मिळालेले गुण तक्त्यात भरायचे. माझा आक्षेप या पद्धतीवर आहे. नमुना पानावर इंग्रजी मजकूर असतो, मोजके शब्द असतात आणि हलकी केलेली छायाचित्रे असतात. ते दुकानाच्या काचेतील पुतळ्यासारखे आहे. आपले संकेतस्थळ मराठीत, हिंदीत किंवा नेपाळीत असेल, तर पुतळ्याच्या अंगावरचे माप आपल्या उपयोगाचे नाही.

वेग

आधी मोजमापाची एकके समजून घेऊ. गूगलच्या कोअर वेब व्हायटल्समध्ये तीन निकष आहेत. पानावरचा सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांच्या आत दिसावा, वापरकर्त्याच्या क्रियेला २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मिळावा आणि मजकूर जागेवरून उडी मारण्याचा निर्देशांक ०.१ च्या आत राहावा. प्रतिसादाचा सध्याचा निकष मार्च २०२४ मध्ये आला. त्यापूर्वी फक्त पहिल्याच क्रियेला लागलेला विलंब मोजत. हे निकष प्रत्यक्ष वापरकर्त्यांच्या भेटींवर ठरतात. लायटहाऊस मात्र एकाच यंत्रावर एका भेटीची नक्कल करते. म्हणून लायटहाऊसचे गुण आणि व्हायटल्सचा निकाल यांत तफावत दिसली तर गोंधळून जाऊ नये.

जनरेटप्रेसचा दावा असा की ती पानाच्या वजनात १० केबीपेक्षा कमी भर घालते. पुण्याच्या ब्रेनस्टॉर्म फोर्स या कंपनीची ॲस्ट्रा ५० केबीच्या आत राहते, असे तिचे निर्माते सांगतात. दोन्ही थीमना जेक्वेरीची गरज नसते. हे दावे खोटे नाहीत, पण ते रिकाम्या पानाचे आहेत. मुखपृष्ठावर प्राचार्यांचे दोन एमबीचे छायाचित्र चढवले, की १० आणि ५० मधला फरक कोणाच्याही लक्षात येणार नाही. डिव्हीचे प्रकरण वेगळे आहे. ती थीम आणि पानबांधणीचे साधन अशी दोन्ही कामे करते, त्यामुळे तिचे ओझे मुळातच जास्त. २०२१ च्या ४.१० आवृत्तीपासून पानाला लागतील तेवढ्याच शैली आणि स्क्रिप्ट पाठवण्याची सोय तिच्यात आली. तरीही हलकेपणात ती पहिल्या दोघींच्या पंक्तीत बसत नाही.

फॉन्ट, जो तुलनेत कोणी पाहत नाही

नमुना पानावरच्या इंग्रजीसाठी लॅटिन अक्षरांचा छोटा फॉन्ट पुरतो. देवनागरीत जोडाक्षरे, रफार आणि मात्रांची वेगवेगळी रूपे धरली तर एका फॉन्टमध्ये शेकडो आकार लागतात. फाइल साहजिकच मोठी होते. त्यात साधा आणि ठळक असे दोन प्रकार घेतले, की थीमने वाचवलेले सगळे केबी तिथेच खर्ची पडतात.

आता ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह पाहू. नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्डप्रेस ६.७ सोबत आलेली ही अधिकृत थीम मॅनरोप हा फॉन्ट घेऊन येते. मॅनरोपमध्ये देवनागरी नाही. मराठी पान उघडल्यावर ब्राउझर तो फॉन्ट उतरवून घेतो, त्यात अक्षरे सापडत नाहीत आणि शेवटी यंत्रातलाच फॉन्ट वापरतो. वाचकाचा डेटा गेला आणि हाती काहीच आले नाही. वर्डप्रेस ६.५ पासूनच्या फॉन्ट लायब्ररीतून मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी बसवून हे सुधारता येते, पण त्यासाठी दोष आधी लक्षात यायला हवा. याउलट जनरेटप्रेस मुळात यंत्रातलाच फॉन्ट वापरते. विंडोजवर निर्मला यूआय, अँड्रॉइडवर नोटो; दोन्हींत देवनागरी आहे आणि काहीही उतरवावे लागत नाही. मराठी पानासाठी हा फायदा १० केबीच्या दाव्यापेक्षा मोठा आहे. जाहिरातीत मात्र त्याचा उल्लेख नसतो.

वजनाइतकाच प्रश्न आकाराचा आहे. शीर्षक ऐटदार दिसावे म्हणून अनेक थीम अक्षरांमध्ये जादा अंतर सोडतात. इंग्रजीत ते शोभते. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे तुकडे दिसू लागतात. ओळींमधले अंतर घट्ट असेल, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो. ट्वेंटी सेव्हन्टीन या जुन्या अधिकृत थीममध्ये लॅटिनेतर लिप्यांसाठी अक्षरांतर काढून टाकणारे वेगळे नियम होते. इतकी काळजी घेणारी थीम आता शोधावी लागते. लायटहाऊस यातले काहीच तपासत नाही, कारण पान दिसायला कसे आहे हे त्याला कळत नाही.

सुगम्यता

सुगम्यतेचा आंतरराष्ट्रीय आधार म्हणजे डब्ल्यूसीएजी हे निकष, त्यांची २.२ आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आणि आयएस १७८०२ हे मानक आहे. थीमच्या हातात यातल्या बऱ्याच गोष्टी असतात : अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट, माउसशिवाय उघडणारा मेनू, थेट मजकुराकडे नेणारा दुवा. वरील चारपैकी पहिल्या तीन थीम इथे समाधानकारक आहेत. डिव्हीत निकाल बांधणाऱ्यावर फार अवलंबून राहतो.

पण सर्वांत महागात पडणारी चूक थीमच्या बाहेरची आहे. एका महाविद्यालयाच्या संकेतस्थळाची तपासणी आम्ही वर्गात केली. लायटहाऊसने सुगम्यतेला १०० पैकी १०० दिले. नंतर एका अंध विद्यार्थिनीने तिच्या स्क्रीन रीडरवर शिष्यवृत्तीची सूचना लावली. ऐकू आले ते फक्त आकडे आणि मधूनमधून एखादा इंग्रजी शब्द. मुदत कशाची, रक्कम कोणासाठी, काही कळेना. कारण साधे होते. वर्डप्रेस बसवताना संकेतस्थळाची भाषा अमेरिकन इंग्रजीच राहिली होती, आणि पानाच्या एचटीएमएलमधील भाषेची खूण त्या सेटिंगमधूनच येते. स्क्रीन रीडरने ती खूण पाहून इंग्रजी आवाज निवडला, आणि त्या आवाजाला देवनागरी येत नव्हती. सगळेच आवाज असे गप्प बसत नाहीत, काही भलतेच उच्चार करतात.

मग १०० गुण कसे? लायटहाऊस एवढेच पाहते, की भाषेची खूण आहे का आणि ती वैध आहे का. मजकूर त्या भाषेत आहे का, हे ते विचारत नाही. गंमत अशी की गूगल पानाची भाषा ठरवताना ही खूण वापरत नाही, मजकूर पाहूनच ठरवते. त्यामुळे ते पान मराठी शोधात व्यवस्थित सापडत होते. सापडत होते, पण तिला ऐकता येत नव्हते.

एसईओ

याबद्दल थोडक्यात, कारण थीमचा वाटा इथे थोडा आहे. ‘एसईओ-स्नेही थीम’ ही बव्हंशी जाहिरातीची भाषा. साइटमॅप वर्डप्रेस ५.५ पासून स्वतःच तयार करते. शीर्षकांची उतरंड नीट असणे आणि मोबाइलवर मजकूर पूर्ण दिसणे, एवढे थीमने सांभाळावे. लायटहाऊसच्या एसईओ विभागात पूर्ण गुण मिळाले म्हणजे पान शोधात वर येईल, असा अर्थ कोणी काढू नये.

पत्त्याची एक अडचण मात्र मराठीत हटकून येते. वर्डप्रेस लेखाच्या शीर्षकावरून पत्ता बनवते तेव्हा देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्हाची नऊ चिन्हे होतात, मात्रा वेगळी मोजली जाते आणि एकूण मर्यादा २०० चिन्हांची आहे. म्हणजे बावीसेक अक्षरचिन्हांनंतर पत्ता तुटतो. थीम कोणतीही असो, पत्ता हाताने छोटा लिहावा.

निवड

मराठी संकेतस्थळासाठी मी जनरेटप्रेस पहिली ठेवीन. ॲस्ट्रा तिच्या अगदी जवळ आहे. तयार नमुने हवे असतील तर तीच घ्यावी, फक्त नमुन्यासोबत आलेला फॉन्ट बदलावा. ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह फॉन्ट बदलल्यावरच विचारात घ्यावी. डिव्ही विद्यार्थ्यांनी टाळावी असे माझे मत आहे. पैसे पडतात हे एक कारण. दुसरे असे की डिव्ही ४ पर्यंत मजकूर तिच्या स्वतःच्या शॉर्टकोडमध्ये साठतो, आणि पुढे थीम बदलली की ते कोड पानावर उघडे पडतात.

स्वाध्याय : नमुना पान पुसून टाका. संकेतस्थळाची भाषा मराठी करा. ‘शिष्यवृत्तीसाठी अर्जांची मुदतवाढ’ हे शीर्षक मोबाइलवर दोन ओळींत येईल इतके मोठे करा आणि खाली निदान पाचशे शब्दांचा मजकूर घाला. शिरोरेषा, रफार आणि उकार डोळ्यांनी तपासा. मग पडदा झाकून, अँड्रॉइडवरील टॉकबॅक किंवा संगणकावरील एनव्हीडीए लावून तेच पान ऐका. लायटहाऊस त्यानंतर चालवा.