मुक्तीनंतरचा ‘मी’: ‘चांगदेव पासष्टी’ची साक्ष

मोक्षानंतर जीवाचे पृथकत्व उरते काय, या प्रश्नाला वेदान्ताच्या संप्रदायांनी परस्परविरोधी उत्तरे दिली आहेत. शांकर अद्वैतात जीवत्व उपाधिजन्य असल्याने ज्ञानोदयाबरोबर ते मावळते. रामानुजमतात मुक्त जीव ब्रह्माशी अपृथक् असूनही त्याचे वैयक्तिक अस्तित्व टिकते. मध्वांच्या मते भेद नित्यच आहे. ज्ञानदेवांचे स्थान ठरवताना आपल्याकडील बरीचशी चर्चा मायावाद की चिद्विलासवाद, या वर्गीकरणापाशी थांबते. परिणामी संहितेच्या भाषिक घडणीचा विचार मागे पडतो.

‘चांगदेव पासष्टी’च्या ६५ ओव्यांत पाण्याचा ठाव घ्यायला गेलेल्या मिठाचा दृष्टान्त येतो. मीठच उरत नाही. मग माप कोण घेणार? पृथक् ‘मी’च्या विलयाचा याहून स्पष्ट निर्वाळा संभवत नाही. परंतु तो ज्या काव्यात दिला आहे, ते चांगदेवांना उद्देशून आहे. दृष्टान्त ज्याचा निषेध करतो, तेच संबोधन गृहीत धरते. हे द्वैत केवळ व्यवहाराची सोय मानले, तर या काव्याचे पत्ररूपच आगंतुक ठरेल.

‘अनुभवामृता’च्या नवव्या प्रकरणात या पेचाला दिशा मिळते. एकाच डोंगरातून देव, देऊळ आणि परिवार कोरावा, तसा भक्तिव्यवहार अद्वैतात का नसावा, असा तेथील युक्तिवाद आहे. द्रव्याचे पृथकत्व संपते, नात्यातील स्थानभेद राहतो. पाषाणमूर्तीला जाणीव नसते, हा यावरील आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर ‘पासष्टी’तील परस्परांना पाहणाऱ्या दोन डोळस आरशांच्या प्रतिमेत सापडते. आरसे दोन आहेत, डोळसही आहेत. मात्र पाहणारा कोण आणि दिसणारा कोण, हे ठरवता येत नाही. येथे ‘मी’ आणि ‘तू’ ही अदलाबदल होऊ शकणारी स्थाने होतात. रामानुजांच्या मुक्त जीवाला ही अदलाबदल शक्य नाही, कारण तो ईश्वराचा शेषच राहतो.

तुकोबांनी भक्तिसुखासाठी मुक्ती नाकारून पुन्हा जन्म मागितला. प्रेमासाठी त्यांनी दुजेपण राखले. ज्ञानदेवांना ही किंमत मोजावी लागत नाही. त्यांच्या काव्यात स्वतंत्र जीव मावळतो आणि संवाद उरतो. धारकावाचून संबंध कसा संभवतो, ही तत्त्वज्ञाची शंका त्यामुळे मिटत नाही. पण मुक्तीनंतरची भक्ती अलंकारमात्र आहे, असे म्हणणे यापुढे कठीण होते.