कानाने वाचताना

राजुऱ्याचा मुलूख एके काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या राजवटीची उर्दू आमच्या घरांत राहिली आणि बाजारातली मराठी उंबऱ्यापर्यंत आली. आम्ही उर्दू माध्यमात शिकलो, आज शिकवतोही त्याच माध्यमात. मराठी आम्हाला आधी एसटीत, आठवडी बाजारात, तेंदूपत्त्याच्या हंगामात कानाने भेटली. पुस्तकातली मराठी फार उशिरा. त्यामुळे ‘ऐकणे म्हणजे खरे वाचन नव्हे’ हे मत आम्हाला पटत नाही.

आमच्या समाजापुढे प्रश्न लिपीचा आहे. मराठी शाळेत शिकलेल्या भावाला उर्दू कळते, वाचता येत नाही. अम्मीला मराठी कळते, देवनागरी येत नाही. १९६५ साली सुरू झालेल्या आकाशवाणीच्या उर्दू सर्व्हिसने ही भिंत थोडी खचवली. २०१३ नंतर ‘रेख्ता’ने उर्दू शायरी देवनागरीतही आणली. २०१७ मध्ये ‘स्टोरीटेल’ भारतात आले ते मराठी पुस्तके घेऊनच. भिंतीला कानाच्या बाजूने खिडकी पडली, ही मोठी गोष्ट आहे.

पण खिडकीतून कोणाचा आवाज येतो? यंदा आम्ही मेहरुन्निसा दलवाई यांचे ‘मी भरून पावले आहे’ (१९९५) पुन्हा वाचले. हमीद दलवाईंचे नाव निघाले की आमच्या घरांत आजही भुवया चढतात. म्हणून एका दुपारी आम्ही नाव न सांगता काही पाने मोठ्याने वाचली. ऐकायला मोहल्ल्यातल्या खाला होत्या. नोकरी करून संसार ओढणारी, नवऱ्याच्या आजारपणात खंबीर राहणारी बाई त्यांना लगेच ओळखीची वाटली. पुढे नाव कळल्यावर एक खाला म्हणाल्या, “त्यांचं आम्हाला पटत नाही. पण हिचं पुढं काय झालं ते वाचा.” मतभेद मिटला नाही, ऐकणे मात्र सुरू राहिले. डोळ्यांनी वाचताना या पुस्तकाची भाषा आम्हाला कुठे कुठे सैल वाटली होती. ऐकताना कळले की ती बोलणाऱ्या बाईची भाषा आहे, आणि तेच तिचे बळ आहे.

प्रत्येक पुस्तक असे कानाला सोपे नसते. विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ (१९९२) ही कादंबरी भामरागडकडच्या माडिया माणसांची. तिचा आम्हाला ऐकण्यापेक्षा वाचण्याचा अनुभव मोलाचा वाटला. अनोळखी शब्दापाशी थांबावे लागते, मागचे पान उलटावे लागते. गडचिरोलीच्या शेजारी राहून या माणसांविषयी आपण किती कमी जाणतो, हे त्या थांबण्यातच उमगते. ऐकताना आवाज पुढे निघून जातो आणि शरम मागे राहते.

आमची मुख्य तक्रार वेगळी आहे. काही ध्वनिपुस्तकांत मुसलमान पात्र आले की वाचणारा आवाज एकदम सिनेमातला नवाब होतो. जंगलातला माणूस आला की तो भोळाभाबडा होतो. लेखकाने न लिहिलेला शिक्का आवाज मारून जातो. पुस्तकांवरच्या पॉडकास्टमध्ये दुसरा दोष दिसतो. प्रत्येक पुस्तक ‘वाचलेच पाहिजे’ असे असते. लेखकाला अडचणीचा प्रश्न विचारलेला आम्ही फार क्वचित ऐकला. कौतुक म्हणजे समीक्षा नव्हे. आवाजाचीही समीक्षा व्हायला हवी.

२०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. सक्तीने तास मिळतो, गोडी मिळत नाही. आमच्या वर्गात ‘ळ’पाशी अडखळणारी मुलगी गोष्ट ऐकताना मात्र शेवटपर्यंत हलत नाही. तिला उद्या हमीद दलवाईंची ‘इंधन’ ऐकवायची, तर त्यातली मुसलमान घरे नाटकी उच्चारात ऐकू येऊ नयेत. त्यासाठी मुस्लिम मराठी लेखकांनी आपली पुस्तके स्वतः वाचून ध्वनिमुद्रित करावीत. आपापल्या गावच्या हेलासकट. तो हेल ऐकून त्या मुलीला कळेल की मराठी आपल्या घरीही बोलली जाते.