परतीचं वजन

डंबेल जमिनीवरून उचलता येतं, छातीवरून ढकलता येतं, डोक्यावर नेता येतं. वरून खाली मात्र ते ओढता येत नाही, कारण गुरुत्वाकर्षणाची दिशा एकच. हात खाली येताना वजन वर जायला हवं असेल तर दोघांच्या मध्ये एक चाक आणि त्यावरून गेलेली दोरी लागते. लॅट पुलडाउन मशीन या एका अडचणीपोटी जन्माला आलं. घरात बेंच, बारबेल, डंबेल असं सगळं जमवलेल्या माणसालाही शेवटी या मशीनकडे वळावंसं वाटतं, ते त्यामुळेच.

ज्या स्नायूसाठी हा खटाटोप, तो पाठीचा ‘लॅट’ आहेच तसा मोठा. जिममधली मुलं त्याला ‘विंग्ज’ म्हणतात. कमरेमागच्या जाड पडद्यापासून आणि पाठीच्या खालच्या मणक्यांपासून तो निघतो, फासळ्यांना वळसा घालतो आणि काखेतून पुढे येऊन दंडाच्या हाडाला वरच्या टोकाशी चिकटतो. वर गेलेला हात खाली आणणं हे त्याचं मुख्य काम. आपल्या तालमींनी हे काम दोर चढण्यातून आणि दोरीच्या मल्लखांबातून करून घेतलं. तिथे पकड जागच्या जागी राहते आणि शरीर वर जातं. मशीनने हे फिरवलं. शरीर मांडीवरच्या गादीखाली अडकवलं आणि पकड खाली आणली. ज्याला एकही पुल-अप निघत नाही अशा पन्नाशीतल्या माणसाला दहा किलोपासून सुरुवात करता येते, ती या अदलाबदलीमुळे.

दुकानदार मशीन ओढून दाखवतो. मी सोडताना काय होतं ते पाहतो, आणि घरासाठी मशीन निवडणाऱ्या प्रत्येकाने तेच पाहावं असं माझं ठाम मत आहे. घर्षण नेहमी हालचालीच्या विरुद्ध उभं राहतं. पिन ४० किलोवर लावली आणि मशीनचं घर्षण दहा टक्के धरलं, तर ओढताना हाताला ४४ किलो लागतात आणि सोडताना ३६ च उरतात. तेच ४० किलो, पण जाण्यात आणि येण्यात आठ किलोंची तफावत. स्नायूचं गणित नेमकं याच्या उलट आहे. वजन ओढताना त्याला जेवढं झेपतं, त्याहून जास्त वजन तो सावकाश परत सोडताना पेलू शकतो. शरीर जिथे अधिक भार घ्यायला तयार असतं, नेमका तिथेच घर्षणाने जड झालेला मशीनचा प्रवास हात आखडता घेतो. ओढताना जाणवलेल्या कष्टामुळे माणसाला वाटतं की मशीन दणकट आहे. प्रत्यक्षात परतीचा अर्धा व्यायाम वाया गेलेला असतो.

हे मोजताही येतं, आणि त्यासाठी विमानप्रवासाची बॅग तोलायचा हातातला डिजिटल काटा पुरतो. बार काढून त्या जागी काटा अडकवायचा, पिन ३० किलोवर ठेवायची आणि काट्याची मूठ अगदी संथ, एका लयीत खाली आणायची. आकडा वाचायचा. मग तितक्याच संथपणे वर जाऊ द्यायचं आणि पुन्हा वाचायचं. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे घर्षणाची दुप्पट. तो तीन किलोंच्या आत असेल तर माझ्या लेखी मशीन उत्तम. सहाच्या पुढे गेला तर रंग, गादी आणि सवलत यांतलं काहीही मला मोहात पाडत नाही. काटा नसेल तर पिन पहिल्याच प्लेटवर लावावी, बार पूर्ण खाली आणावा आणि हाताची पकड जवळजवळ सैल करावी. प्लेट आपल्या वजनाने, न अडखळता खाली जायला हवी. मध्येच थबकून मग धपकन पडणारी प्लेट सगळं सांगून टाकते.

आता ओढीचा हातापासून वजनापर्यंतचा प्रवास क्रमाने वाचू. केबल वरून पाहिली तर काळी, गुळगुळीत, प्लास्टिकची दोरी दिसते. आत पोलादी तारा असतात. चांगल्या केबलची वीण बहुधा अशी असते: सात पेड, प्रत्येक पेडात १९ तारा, एकूण १३३. इतक्या बारीक तारा कशासाठी? पोलादाची एकच जाड तार तेवढाच भार घेईल, पण चाकावरून वळताना ती वाकायला नाखूश असते आणि पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. बारीक तारा एकमेकींवरून सरकत वळण घेतात. त्यांच्यावरचं नायलॉनचं आवरण चाकाच्या खाचेला तारांचा आणि तारांना खाचेचा त्रास होऊ देत नाही. आवरणासकट पाच-सहा मिलिमीटर जाडीची ही वस्तू संपूर्ण मशीनमधली सर्वात नाजूक कारागिरी आहे, आणि माहितीपत्रकात तिच्या वाट्याला सहसा एक ओळही येत नाही.

केबलचं आयुष्य पुली ठरवते. पुली लहान असली की वळण तीव्र होतं, तारा एकमेकींवर जास्त घासतात, आवरणाला चिरा पडतात. नऊ सेंटिमीटर आणि साडेअकरा सेंटिमीटर व्यासाच्या पुल्या दुरून सारख्याच दिसतात, पण केबलला त्यांच्यातला फरक चांगलाच कळतो. पुली नायलॉनची की ॲल्युमिनियमची यावर पुष्कळ वाद ऐकू येतो. मला त्यापेक्षा तिच्या पोटातलं बेअरिंग महत्त्वाचं वाटतं. बंद बॉल बेअरिंग असेल तर पुली फिरते. नुसतं बुश असेल तर ती काही काळ फिरते आणि मग केबल तिच्यावरून घासत जाऊ लागते. मशीनच्या समोर उभं राहून वरच्या पुलीकडे पाहावं. केबल खाचेच्या बरोबर मध्यातून गेली पाहिजे. ती एका काठाला लागून जात असेल तर फ्रेमच वाकडी जोडलेली आहे, आणि ते दुखणं तेल घालून जात नाही.

पुलीचा गोल आकारही नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण व्यायामयंत्रांच्या इतिहासात त्याला पर्यायही निघाला. स्टॉकहोममध्ये १८६५ साली गुस्ताव झांडर यांनी यंत्रांच्या मदतीने व्यायाम करवून घेणारी संस्था काढली. पुढे अमेरिकेत १९५७ साली हॅरॉल्ड झिंकिन यांचं ‘युनिव्हर्सल’ हे एकाच सांगाड्यात अनेक व्यायाम मांडणारं मशीन आलं. १९७० साली आर्थर जोन्स यांनी ‘नॉटिलस’ यंत्रात गोल चाकाऐवजी शंखाच्या आकाराचं चाक बसवलं, कारण त्यांना भार मध्येच वाढवायचा आणि घटवायचा होता. पुलडाउन मात्र गोल पुलीशी एकनिष्ठ राहिलं. गोल चाक केबलचा ताण सुरुवातीपासून शेवटपर्यंत बदलू देत नाही. तरीही ओढताना वाट कधी हलकी, कधी जड वाटते, कारण बदलतं ते आपलं शरीर. बार छातीजवळ आला की स्नायू आखूड झालेला असतो आणि शेवटचं चार बोटांचं अंतर सर्वात जड जातं. तिथे बहुतेक जण मागे रेलतात. मशीन प्रामाणिक असलं की हा क्षण लपत नाही. प्रत्येक रेपमध्ये आपण नेमके कुठे कमी पडतो ते कळतं, आणि मला या यंत्राचं सर्वात मोठं सौंदर्य यातच दिसतं.

आता लावलेलं वजन आणि हाताला लागणारं वजन यांचं गुणोत्तर. वरची पुली जागेवर पक्की असेल आणि केबलचं टोक थेट वजनाला बांधलेलं असेल तर एकास एक. ३० किलोचे ३० किलो. केबल एका सरकत्या पुलीखालून जाऊन पुन्हा फ्रेमला बांधली तर दोनास एक. ३० किलो लावले तरी हाताला १५ च लागतात, आणि हात एक मीटर सरकला तर वजन अर्धाच मीटर चढतं. मघाचा काटा इथेही कामाला येतो. स्टॅकवर, म्हणजे प्लेटच्या चळतीवर, १०० किलो लिहिलेलं मशीन हाताला ५० च देतं की नाही, हे तो तिथल्या तिथे सांगतो. पण दोनास एक म्हणजे फसवणूक असं समजू नये. पाच किलोच्या प्लेटची पायरी हाताला अडीच किलोची होते, म्हणजे वजन बारीक टप्प्यांनी वाढवता येतं. आणखी एक गुण त्यात दडलेला आहे. हाताला तेवढंच वजन जाणवत असताना दोनास एक रचनेत जडत्व निम्मं होतं, कारण दुप्पट वजन अर्ध्याच वेगाने हलतं. त्यामुळे सुरुवातीचा हिसका कमी बसतो. ट्रायसेप्ससाठी, खांद्याच्या हलक्या व्यायामासाठी, दुखापतीतून उठणाऱ्यासाठी ही रचना फार सुरेख. पण फक्त पुलडाउन आणि रोइंगसाठी मशीन घेणार असाल तर मी एकास एकच सुचवेन. पुल्या कमी, म्हणून घर्षण कमी. आणि पाठीला पुढेमागे जड वजन लागतंच.

स्टॅक की प्लेट-लोडेड, हा प्रश्न बहुधा खिसा आणि जागा मिळून सोडवतात. घरात आधीच प्लेट असतील तर त्याच प्लेट मशीनच्या सरकत्या ट्रॉलीवर चढवता येतात. खर्च कमी, मशीनही हलकं. मात्र प्लेटचं भोक आणि ट्रॉलीची दांडी जुळते का ते पाहावं, कारण आपल्याकडे घरोघरी २८-३० मिलिमीटर भोकाच्या प्लेट आहेत आणि नव्या मशीनच्या दांड्या पुष्कळदा ५० मिलिमीटरच्या प्लेटसाठी असतात. रिकाम्या ट्रॉलीचं स्वतःचं वजनही विचारून घ्यावं. घरात दोघं-तिघं व्यायाम करणार असतील तर मात्र स्टॅकला पर्याय नाही. मुलगा ६० किलो ओढून उठतो, आई पिन १५ वर सरकवते आणि बसते. प्लेट चढवा-उतरवायची वेळ आली की घरातलं दुसरं माणूस हळूहळू यायचं बंद होतं.

गाइड रॉड भरीव हवेत आणि क्रोम चढवलेले हवेत. मुंबईच्या किंवा कोकण-गोव्याच्या दमट हवेत पातळ क्रोमला लवकर ठिपके पडतात आणि मग प्लेट त्या ठिपक्यांवर खरवडत जातात. रॉडला ग्रीस लावू नये, धूळ चिकटते. कोरडं पुसून सिलिकॉनचा हलका फवारा पुरतो. फ्रेमबद्दल फार लिहीत नाही. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

मोजमाप मात्र जिवाभावाने घ्यावं. बसून हात सरळ वर केले की मध्यम उंचीच्या पुरुषाच्या मुठी जमिनीपासून साधारण १७० ते १७५ सेंटिमीटरवर जातात. विसावलेला बार त्याहून वर असायला हवा. तो खाली लोंबत असेल तर हात पूर्ण ताणले जाण्याआधीच प्लेट टेकतात आणि काखेखालचा तो सुंदर ताण मिळतच नाही. मशीनची उंची बहुधा २.१ ते २.३ मीटर असते. राहत्या खोलीची उंची बांधकामाच्या राष्ट्रीय संहितेप्रमाणे किमान २.७५ मीटर, तेव्हा छत आड येत नाही; आड येतो तो पंखा आणि माळा. मजल्याच्या भाराची काळजी बरेच जण करतात. राहत्या घराच्या स्लॅबला दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरलेला असतो. दीडशे किलोचं मशीन, वर पंचाहत्तर किलोचा माणूस आणि पायाखाली दोन चौरस मीटर जागा असा हिशेब केला तर आकडा निम्म्याच्या थोडा पुढेच थांबतो. तरी भिंतीलगत ठेवावं आणि खाली रबराची जाड मॅट घालावी, खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांसाठी.

जागा अगदीच नसेल त्यांच्यासाठी झोपाळ्याच्या कड्याला टांगायचे पुली संच मिळतात. कडं स्लॅबमध्ये पक्कं रोवलेलं असेल तर हलक्या वजनाला ते चालतात. पण तिथे गाइड रॉड नसतात, वजन झुलतं, आणि झुलणारं वजन परत सोडताना लक्ष पाठीवर न राहता त्या झुलण्यावरच जातं.

पैसे देण्याआधी दुकानदाराकडून केबलची लांबी, जाडी आणि दोन्ही टोकांची जोडणी कशी आहे ते बिलावरच लिहून घ्यावं. झिजून पहिली जाणार ती तीच. हुकाजवळ आणि पुलीवरून वळते तिथे आवरणाला फुगवटा किंवा चीर दिसली की आतल्या तारा तुटू लागल्या असं समजून त्याच दिवशी मशीन थांबवावं, आणि नवी केबल त्याच मापाची, तशाच टोकांची करून घ्यावी.