पदराची उलटी बाजू : वस्त्रांची हौस आणि मराठी समीक्षा

मराठी समीक्षेने वस्त्रप्रावरणांच्या हौसेकडे क्वचितच गांभीर्याने पाहिले आहे. पंडिती आख्यानकाव्यातील नायिकेचे वस्त्रालंकार हा वर्णनकौशल्याचा विषय ठरला. शाहिरी लावणीतील शालू-शेले शृंगाररसाच्या खाती जमा झाले. १९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणाबरोबर आलेले ‘डिझायनर’ कपडे, त्यांना जुळणाऱ्या पर्स-पादत्राणांसह, ‘चंगळवाद’ या एका शब्दात निकालात काढले गेले. वर्णन, शृंगार आणि चंगळ या तीन खणांत न मावणारी एक गोष्ट मात्र शिल्लक राहते, आणि तिला मराठीत नेमका शब्द आहे : हौस. हौसेला मोल नाही असे आपण म्हणतो, तेव्हा ती अमूल्य आहे असेही सुचवतो आणि तिचा हिशेब करू नये असेही. समीक्षेने यातील दुसरा अर्थ तेवढा उचलला. प्रस्तुत लेखात जालना जिल्ह्याच्या वार्षिक व्यवहाराच्या पार्श्वभूमीवर या हौसेचा आणि तिच्याशी निगडित काही मराठी कलाकृतींचा विचार करावयाचा आहे.

जालना निवडण्यास कारण आहे. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा कापसाचा. त्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी गोदावरी पैठणहून येते. म्हणजे ज्या वस्त्राने मराठी मनात वैभवाची जागा पटकावली, त्याचे गाव नदीच्या वरच्या अंगाला आणि ते वस्त्र सहसा अंगावर न आलेली खेडी खालच्या अंगाला. वस्त्राविषयीचे मराठी साहित्य या खालच्या अंगाने वाचले तर काय दिसते, हा आपला प्रश्न आहे.

प्रथम हंगामाविषयी. महानगरांतील फॅशन सप्ताह उन्हाळी आणि हिवाळी-सणासुदीचे असे संग्रह वर्षातून दोनदा मांडतात. तेथे हंगाम पुढे ठरवला जातो आणि गिऱ्हाइकाने त्याला गाठायचे असते. जालन्याच्या बाजारपेठेतील कापड दुकानदाराचा हंगाम पावसावर ठरतो. सोयाबीन आणि कापूस हाती आला तर दसरा-दिवाळीला दुकान भरते. त्यानंतर तुळशीचे लग्न लागले की लगीनसराई, आणि तिचा बस्ता. बस्ता बांधण्यास दोन्हीकडची माणसे मिळून जातात. तेथे कोणासाठी किती किमतीची साडी काढली यावरून पुढील दहा वर्षांचे रुसवेफुगवे निश्चित होतात, हे आपल्यापैकी प्रत्येकास ठाऊक आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात हा जिल्हा राज्यातील सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. अशा वर्षी हौस पुढे ढकलली जाते. ‘यंदा नाही, पुढच्या साली’ हे वाक्य येथील वस्त्रव्यवहाराचा खरा आधार आहे, आणि ज्या हौसेला वाट पाहता येते तिला चंगळ म्हणणे कठीण आहे.

या पंचांगात पोळ्याला विशेष स्थान आहे. श्रावणी अमावास्येला बैलांची शिंगे हिंगुळाने रंगतात, अंगावर आरशांची झूल येते, कपाळी बाशिंग, गळ्यात घुंगरमाळा आणि गोंडे. ज्याच्या स्वतःच्या सदऱ्याला ठिगळ आहे असा शेतकरीही या दिवशी उसनवारी करून साज आणतो. ग्रामीण साहित्याच्या अभ्यासकांनी या सजावटीचे कृतज्ञता, कृषिसंस्कृती, मुक्या जिवांवरील प्रेम अशा शब्दांत गौरवाने विवेचन केले आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र पंधरवड्याच्या आत येणाऱ्या महालक्ष्म्यांपुढे (पुण्याकडे ज्यांना गौरी म्हणतात) घरातील बाई तीन दिवसांसाठी जी आरास मांडते, दोन्ही मुखवट्यांना जुळत्या काठाच्या साड्या नेसवते, निऱ्या मोडू नयेत म्हणून रात्र जागवते, तिच्या दृष्टीचा, रंगज्ञानाचा आणि हातांचा विचार समीक्षेत आढळणे दुर्मिळ. पुरुषाची हौस संस्कृती ठरते आणि स्त्रीची हौस स्वभाव ठरते. या भेदाचे समर्थन कोणत्या साहित्यशास्त्राने करावयाचे?

या संदर्भात संतपरंपरेचा दाखला हटकून दिला जातो, आणि जालना जिल्ह्यात तर तो घरचाच आहे. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. मुंडावळ्या बांधलेला मुलगा ‘सावधान’ हा शब्द ऐकून बोहल्यावरून निघून गेला, ही आख्यायिका येथे लहानपणीच कानी पडते. बाह्य वेषाहून अंतरीच्या कळा मोलाच्या, हा समर्थांचा उपदेशही सर्वश्रुत आहे. परंतु ज्याला वेष टाकण्याचे स्वातंत्र्य होते त्याचा तो विवेक आहे. ज्याला वेष निवडण्याचाच अधिकार नव्हता त्याला हा उपदेश लागू करताना थांबावे लागते.

तो अधिकार किती मूलभूत होता हे बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) या आत्मकथनातून कळते. महार स्त्रीने लुगडे नेसताना काठ दिसू न देता निऱ्यांत दडवावा, असा गावाचा दंडक त्यांनी नोंदविला आहे. काठ मिरविण्याचा मान वरच्या जातींचा. पुस्तक पुरंदर तालुक्यातील वीरगावचे आहे, मराठवाड्याचे नाही. तरी वस्त्राविषयीच्या सर्व मराठी लेखनाकडे मागे वळून पाहण्यास ते भाग पाडते. काठ हा लुगड्याचा शोभेचा भाग. तो झाकावयास लावणाऱ्या समाजाने शोभा म्हणजे सत्ता हे आपल्या टीकाकारांच्या कितीतरी आधी ओळखले होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथील परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना स्वतंत्रपणे उद्देशून भाषण केले. जात ओळखू आणणारी लुगड्याची नेसण बदला, अंगावरील कथिल-चांदीच्या दागिन्यांचे ओझे उतरवा, स्वच्छ राहा, असे त्यांनी सांगितले. येथे दागिना टाकणे आणि नेसण बदलणे या दोन्ही गोष्टी एकाच मागणीच्या आहेत. म्हणून ‘साधेपणा म्हणजे मूल्य आणि नटणे म्हणजे अवमूल्यन’ हे सोपे समीकरण महाडनंतर तरी वापरता येत नाही. साधेपणा लादलेला आहे की पत्करलेला, हे आधी विचारावे लागते.

आता शांता शेळके यांची ‘पैठणी’ ही कविता. वस्त्राला केंद्रस्थानी ठेवून मराठीत लिहिल्या गेलेल्या कवितांत तिचे स्थान वरचे आहे आणि ते सार्थ आहे. फडताळातील गाठोड्याच्या तळाशी जपलेली आजीची लग्नातली पैठणी, तिचा नारळी पदर, धानी रंग, तिच्याभोवती रेंगाळणारा सूक्ष्म गंध आणि ती उराशी धरताच नातीला होणारी आजीची भेट, असा तिचा प्रवास आहे. स्पर्श आणि गंध या संवेदनांवर कालप्रवाह उलटा फिरविण्याचे काम कवयित्रीने सोपविले आहे, आणि शेवटी निरोप पोचवण्याची विनंती वस्त्राच्या चौकड्यांनाच केली आहे. त्या विनंतीत भाबडेपणा नाही. कारण तोवर वस्त्र वस्तू राहिलेले नसते. फॅशनचा कपडा पुढील हंगामात मूल्य गमावतो. ही पैठणी न वापरल्याने मूल्य कमावते. कवितेतील श्रावण धूप-कापरासारखे जळून जातात, ती उरते.

तथापि आजीची स्वतःची हौस या कवितेत कोठे आहे? तो रंग तिने निवडला होता काय? तिला तो आवडला होता काय? कविता सांगत नाही. अत्तर माखलेली बोटे केव्हातरी त्या वस्त्राला पुसली गेली, असा एक ओझरता उल्लेख येतो. तेवढ्या क्षणी आजी हाडामांसाची होते, नाहीतर ती सौभाग्याची मूर्तीच राहते. अहेवपणी आलेल्या मरणाने तिचे सोने झाले, असे नातही मानते. स्मरणाची ही कविता थोर आहे. हौसेची म्हणून ती अपुरी आहे. समीक्षकांनी तिचा गौरव करताना नातीच्या व्याकुळतेचा विचार केला आणि आजीच्या मौनाला हात लावला नाही.

दुसरा प्रश्न वाचकाचा. अंबड किंवा भोकरदन तालुक्यातील खेड्यातून आलेल्या विद्यार्थिनीसमोर ही कविता ठेवली, तर तिच्या घरातील गाठोड्याच्या तळाशी पैठणी असण्याची शक्यता किती? तेथे फार तर एखादे इरकल असेल. बहुधा तेही नसेल. कारण जुने लुगडे जपून ठेवले जात नाही, ते जुनेर होते. जुनेराचे बाळंतिणीला बाळोते होते, उरलेल्याची वाकळ. वाकळेत आजी, आई, आत्या यांची लुगडी एकावर एक धावदोऱ्याने शिवलेली असतात, आणि कोणता तुकडा कोणाचा हे घरातील म्हातारी अंधारातही बोटांनी सांगते. वापरून झिजलेल्या वस्त्राचे हे स्मरण पैठणीच्या स्मरणाहून कमी प्रतीचे नाही. ‘पैठणी’ शिकविताना वाकळेला वर्गात आणले नाही, तर जी कविता नात्याविषयी आहे ती ऐपतीविषयी आहे असा समज विद्यार्थ्यांचा होऊ शकतो, आणि त्याचा दोष कवितेवर ढकलता येणार नाही.

दूरचित्रवाणीने या वस्त्राचे काय केले, हेही पाहिले पाहिजे. २००४ मध्ये सुरू होऊन दीर्घकाळ चाललेल्या ‘होम मिनिस्टर’ या कार्यक्रमाने पैठणीला बक्षीस केले. गृहिणीच्या घरी जाऊन तिच्याशी बोलावे, तिला हसवावे, ही त्यातील कल्पना तुच्छ लेखण्यासारखी नव्हती. मात्र तेव्हापासून गावोगावच्या मंडळांत पैठणीचे खेळ सुरू झाले आणि निवडणुकीच्या आधी त्यांची संख्या का वाढते, हे स्वतंत्र संशोधनाचे क्षेत्र आहे! ‘गोष्ट एका पैठणीची’ (२०२२) या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातही सामान्य घरातील स्त्रीचे पैठणीचे स्वप्न आहे. कवितेत ती वारसा, खेळात बक्षीस, चित्रपटात स्वप्न. सहज दुकानात जाऊन, दोन रंग बाजूला सारून तिसरा उचलणारी आणि ‘हा मला शोभतो’ म्हणणारी स्त्री या तिन्हींत दुय्यमच राहते.

बाजाराने तिची सोय वेगळ्या मार्गाने केली आहे. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्याच काळात यंत्रमागावरची ‘सेमी पैठणी’ जालन्याच्या दुकानांतही सर्वत्र दिसू लागली. अस्सल पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या कांडीने हाताने गुंफतात, त्यामुळे मोर सुलट बाजूला जसा तसाच उलट बाजूला. यंत्रावरच्या पदराच्या मागे सुटे धागे लोंबतात. जाणकार म्हणून पदर आधी उलटा करून पाहतात. या पाहण्यात कारागिराविषयीचा आदर आहे, तसाच सेमी पैठणी नेसलेल्या बाईला जोखण्याचा मोहही आहे. स्नेहसंमेलनातील पारंपरिक वेशभूषेच्या दिवशी शिवलेली नऊवारी, नकली ठुशी आणि नथ घालून येणाऱ्या विद्यार्थिनींविषयी प्राध्यापक कक्षात जे बोलले जाते त्यात हा मोह पुरेपूर असतो. नवरात्रातील रोजचा रंग ही तर वृत्तपत्रांनी २००० नंतरच्या दशकात रुजविलेली प्रथा; तिला हसणारे सहकारी छायाचित्राच्या वेळी त्याच रंगाचा सदरा घालून मधोमध उभे असतात. नकली ठुशीमागे परंपरेचा अभाव नसून पैशाचा अभाव आहे. काठ दडविण्याची सक्ती झालेल्यांच्या नाती त्या दिवशी रुंद काठ पुढे घेऊन व्यासपीठावर चढतात, तेव्हा तो काठ यंत्रमागावर विणलेला आहे हा दुय्यम तपशील ठरतो.

या जिल्ह्याचा रेशमाशी असलेला संबंध आता केवळ नेसण्याचा राहिलेला नाही. मराठवाड्यातील शेतकऱ्याला आपले रेशीम कोष विकण्यासाठी पूर्वी कर्नाटकातील रामनगरची वाट धरावी लागे. २०१८ मध्ये जालना कृषी उत्पन्न बाजार समितीत कोष खरेदीची बाजारपेठ सुरू झाली. तुतीचा पाला तोडणे, अळ्यांना वेळेवर खाद्य घालणे, कोष वेचणे या कामांत घरातील स्त्रियांचे हात मोठ्या प्रमाणावर असतात. कवितेतील पैठणीला आजी आहे, नात आहे, गंध आहे. तिला विणकर नाही आणि पाला तोडणारी बाई नाही. ती बाई अंबडच्या बाजारात दिवाळीला साडी घ्यायला जाते तेव्हा कापडावरून हात फिरवून धागा ओळखते, भाव ऐकते आणि बहुधा दुसरी साडी दाखवा म्हणते.