पंडिताचा मुखवटा आणि त्याच्यासमोरचा माणूस : मराठी नाटकातील विद्वानाच्या सोंगाविषयी

प्रास्ताविक

सोळाव्या शतकातील इटलीत मुखवटे घालून खेळल्या जाणाऱ्या विनोदी नाटकाची जी परंपरा उदयास आली, तिच्यातील ठरीव पात्रांमध्ये ‘दोत्तोरे’ हे एक पात्र आहे. दोत्तोरे म्हणजे पंडित. तो बोलोन्याचा रहिवासी असतो, कारण बोलोन्याचे विद्यापीठ युरोपातील सर्वांत जुने मानले जाते. परंपरेने त्याची स्थापना 1088 ची समजतात. काळा झगा, पांढरी गळपट्टी, कपाळ आणि नाक झाकणारा अर्धा मुखवटा आणि त्याखाली उघडे राहिलेले लालबुंद गाल असा त्याचा थाट. तो बोलू लागला की थांबत नाही. मोडके लॅटिन बोलतो, एका ग्रंथातील मत दुसऱ्याच्या नावावर खपवतो आणि लहान मुलालाही ठाऊक असलेली गोष्ट महान सिद्धांताच्या आविर्भावात सांगतो. त्याच्यासमोर बहुधा एक भुकेला नोकर उभा असतो. नोकराला जेवण हवे असते. पंडित त्याला भुकेची व्याख्या देतो.

या पात्राकडे आपल्याकडील अभ्यासक युरोपीय रंगभूमीच्या इतिहासातील एक गमतीदार नोंद म्हणून पाहतात व पुढे जातात. परीक्षेच्या टिपांपुरते ते ठीकच आहे. परंतु विद्वत्तेचे सोंग हा विषय मराठी नाटकाला परका नाही. तो आपल्याकडे कसा आला, कोणाच्या हातून आला आणि त्याच्यासमोर उभा असलेला भुकेला माणूस वाटेत कोठे गेला, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. पंडित किती हास्यास्पद आहे यावरून अशा नाटकाचे मोल ठरू नये, असे माझे मत आहे. त्याच्या पांडित्याची किंमत रंगमंचावर कोण मोजतो आणि ते मोजणे प्रेक्षकाला दिसते की नाही, यावरून ते ठरवावे.

वैद्यबोवांची वाट

दोत्तोरेचा एक थेट वंशज मराठीत येऊन राहिला आहे. 1658 साली मोलिएरची मंडळी पॅरिसला परतली तेव्हा त्यांना जे नाट्यगृह मिळाले, तेथे इटालियन नटांची मंडळीही खेळ करीत असे. दोघे आळीपाळीने एकच रंगमंच वापरत. मोलिएरच्या नाटकांतील पंडित, वैद्य आणि तत्त्वज्ञ यांच्या अंगावर त्या शेजाऱ्यांच्या झग्याची सावली पडलेली आहे. त्याच्या 1666 च्या एका प्रहसनात लाकूडतोड्याला बदडून बदडून वैद्य व्हायला भाग पाडले जाते. हे प्रहसन हरि नारायण आपटे यांनी ‘मारून मुटकून वैद्यबोवा’ या नावाने मराठीत आणले. नाटक आज फारसे कोणी वाचत नाही, शीर्षक मात्र भाषेत मुरले. मनाविरुद्ध एखाद्या पदावर बसवलेल्या माणसाला आजही लोक तसे म्हणतात आणि हे मोलिएरचे देणे आहे याची त्यांना कल्पनाही नसते.

येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. इटालियन दोत्तोरेजवळ पदवी खरी आहे, शहाणपण नाही. मोलिएरच्या लाकूडतोड्याजवळ पदवीही नाही. झगा आणि चार लॅटिन शब्द एवढ्यावर त्याचे भागते. हृदय उजवीकडे असल्याचे तो सांगतो आणि समोरचा माणूस ते मान्य करतो. म्हणजे हसण्याचा रोख अज्ञानाकडून झग्याकडे वळला. आपल्याकडे चामड्याचा मुखवटा नव्हता आणि पदवीदानाचा झगाही उशिरा आला. मराठी पंडिताचा मुखवटा भाषेचा आहे.

संस्कृत नाटकाने तर ही गोष्ट उलट्या बाजूने करून ठेवली होती. विदूषक जातीने ब्राह्मण, राजाचा मित्र, पण बोलतो प्राकृत. जन्माने ज्याला संस्कृतचा अधिकार आहे, त्याच्या तोंडी ती भाषा नाही, यातच त्याचे हसे आहे. कोकणातील दशावतारात याचे एक विलक्षण रूप दिसते. ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा संकासूर काळ्या पोशाखात, काळ्या बुरख्यात येतो आणि बोलतो अस्सल मालवणी. प्रेक्षक वेदांची चिंता करीत नाहीत, संकासुराच्या बोलण्याला हसतात. शेवटी विष्णू त्याला मारतो, वेद जागेवर जातात, आणि रात्रीचे आख्यान सुरू होते.

दक्षिणा आणि ‘तृतीय रत्न’

मराठीतील पंडिताच्या सोंगाचा खरा आरंभ मात्र पुण्यात, 1855 साली होतो. जोतीराव फुले यांनी त्या वर्षी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. पुढे ‘गुलामगिरी’त जोतीरावांनी या नकाराचा उल्लेख केला आहे. नाटक प्रत्यक्ष छापले गेले 1979 साली, म्हणजे सव्वाशे वर्षांनंतर.

ही दक्षिणा कोणती, हे समजल्याशिवाय या नकाराचा अर्थ पुरता उलगडत नाही. पेशवाईत श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात त्यासाठी गर्दी जमे. इंग्रजांनी राज्य घेतल्यावर ही रक्कम एकदम बंद केली नाही. तिच्यातून 1821 साली विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. 1849 मध्ये पुण्यातील सुधारकांनी दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथांना उत्तेजन देण्यासाठी खर्च व्हावा असा अर्ज केला. ज्या निधीवर पंडित पोसले गेले, त्यातूनच मराठी पुस्तकांची बक्षिसे निघू लागली, आणि त्या बक्षिसासाठी एका माळी समाजातील तरुणाने पंडिताचे सोंग उघडे पाडणारे नाटक पाठवले. नाटकाबाहेर घडलेला हा प्रसंग नाटकातील कोणत्याही प्रवेशाइतकाच नाट्यपूर्ण आहे.

नाटकाचे कथानक साधे आहे. कुणब्याच्या घरी जोशी येतो. बाई गरोदर आहे. ग्रहांची भीती घालून जोशी अनुष्ठान व ब्राह्मणभोजन ठरवतो आणि नवरा कर्ज काढतो. मग पाद्र्याशी गाठ पडते, वाद होतो आणि अखेर नवराबायको जोतीराव-सावित्रीबाईंच्या रात्रीच्या शाळेत जाण्याचा निश्चय करतात. पाद्र्याचे लांबलचक संवाद आज वाचताना कंटाळा येतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. रचनेच्या दृष्टीने नाटकाचा उत्तरार्ध सैल आहे. पण पूर्वार्धातील व्यवहार ज्या बारकाईने मांडला आहे त्याला तोड नाही. जोशाची प्रत्येक ज्योतिषी संज्ञा घरातील एखाद्या वस्तूत बदलते: पीठ, तूप, पैसा आणि शेवटी कर्ज. पांडित्याची किंमत येथे मोजून मांडली आहे.

आणि विदूषक! फुल्यांनी त्याला राजाजवळून उचलून कुणब्याच्या ओसरीवर आणले. तो मध्येमध्ये बोलतो आणि जे जोशी झाकतो ते उघड करतो. संस्कृत नाटकात ज्ञान नसलेला ब्राह्मण म्हणून ज्याला आपण हसलो, तोच येथे सर्वांत शहाणा माणूस आहे. मराठी रंगभूमीच्या इतिहासांत 1843 च्या सांगलीच्या ‘सीतास्वयंवर’ाला आरंभबिंदू मानण्याची प्रथा आहे आणि ती मोडण्याचा माझा आग्रह नाही. परंतु विनोदाचा इतिहास लिहायचा तर त्याचा आरंभ या विदूषकापासून करावा लागेल.

सत्यशोधक जलशांनी पुढे हाच ऐवज तमाशाच्या साच्यात घालून गावोगाव नेला. तेथील भटजी हे पात्र दोत्तोरेच्या सर्वांत जवळचे आहे: ठरीव, ओळखीचे, प्रत्येक गावात नवे बोलणारे आणि सतत कोणाच्या तरी खर्चाने जेवणारे.

शास्त्री, आचार्य आणि गटणे

शहरी रंगभूमीवर मात्र समोरचा माणूस हळूहळू बदलला. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील आर्य मदिरा मंडळात शास्त्रीबोवा आहेत, खुदाबक्षही आहे, तळीरामाच्या आजारपणात डॉक्टर आणि वैद्य आहेत. हे सारे कमालीचे हसवतात. पण शास्त्र्याच्या शास्त्रार्थाने कोणाचे घर बुडत नाही. घर बुडते ते दारूने, आणि त्याची किंमत सिंधू मोजते. पंडित येथे मुख्य शोकांतिकेच्या कडेला उभा असलेला गमत्या झाला.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘तुझे आहे तुजपाशी’ (1957) मधील आचार्य हे मराठीतील या जातीचे सर्वांत प्रसिद्ध पात्र. त्यांची विद्वत्ता निव्वळ खोटी नाही. ती उसनी आहे आणि संयमाच्या व्रतात गोठलेली आहे. अखेरीस ते स्वतःच्या रितेपणाची कबुली देतात, आणि त्या क्षणी पुलंनी मुखवट्याखालचा माणूस दाखवला, हे मोठे काम आहे. परंतु त्यांच्यासमोर कोण उभा आहे? इंदूरच्या वाड्यातील रसिक काकाजी. ज्ञानाच्या दंभाला उत्तर भुकेने मिळत नाही, ते रसिकतेने मिळते. वाद दोन सुस्थित माणसांमधला आहे, आणि प्रेक्षक काकाजींच्या बाजूने हसताना स्वतःलाही रसिकांत जमा करून घेतो. या नाटकावर माझे प्रेम आहे. तरी हा हिशेब मला टाळता येत नाही.

सखाराम गटण्याची गोष्ट याहून अवघड आहे. तो नाटकातला नाही, ‘व्यक्ती आणि वल्ली’तला आहे, पण एकपात्री प्रयोगांनी त्याला केव्हाच रंगमंचावर आणले. छापील मराठीत बोलणारा हा मुलगा पंडिताचा मुखवटा घालतो, पण त्याला त्यातून काही मिळवायचे नाही. त्याला पुस्तके खरोखर आवडतात. येथे हसण्याची दिशाच फिरली: दोत्तोरेत वरचा माणूस खालच्याला फसवतो म्हणून हसे होते, गटण्यात खालचा मुलगा वरच्याची भाषा बोलू पाहतो म्हणून. पुलंना त्याच्याविषयी माया आहे आणि ती शेवटपर्यंत जाणवते. पण त्याची नक्कल करणाऱ्या स्नेहसंमेलनांतून ती माया गळून पडते व उच्चार तेवढे उरतात.

मधल्या काळात एका नाटकाने पंडिताला पुन्हा रमण्यात नेऊन उभे केले. तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात झाला. तेथे विद्वान ही व्यक्ती राहत नाही, भिंत होते. ब्राह्मणांची रांग गाते, नाचते, पाठ फिरवते आणि त्या भिंतीआड हवे ते झाकले जाते. कनोजचा घाशीराम दक्षिणेच्या आशेने येतो आणि चोर ठरवून मारला जातो. फुल्यांच्या नाटकाची छापील प्रत तेव्हा वाचकांसमोर नव्हती, आणि तरीही दक्षिणेचा तोच रमणा दोन्हींच्या मागे आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. मात्र तेंडुलकरांचा घाशीराम किंमत मोजून थांबत नाही. तो ती व्याजासह वसूल करतो. त्यामुळे तो कुणब्याच्या जागी उभा राहू शकत नाही.

त्या जागी पुन्हा कोणी उभे राहते ते पुलंच्याच ‘ती फुलराणी’त, 1975 मध्ये. बर्नार्ड शॉच्या नाटकाचे हे रूपांतर. प्रा. अशोक जहागीरदार हा भाषेचा पंडित आहे. त्याची विद्या खरी आहे, पदवी खरी आहे, फसवणूक नाही, आणि तरीही तो दोत्तोरे आहे, कारण समोरची मुलगी त्याला प्रयोगाची वस्तू वाटते. मंजुळेचे स्वगत हे या साऱ्या परंपरेत भुकेल्या नोकराने पंडिताला थेट दिलेले पहिले लांब उत्तर म्हणता येईल. भक्ती बर्वे यांनी ते अमर केले. मी वर ‘तुझे आहे तुजपाशी’वर जो आक्षेप घेतला, त्याला पुलंनी अठरा वर्षांनी स्वतःच उत्तर दिले असे म्हणावयास हरकत नाही.

वर्गातील वाचन

आर्णीसारख्या तालुक्याच्या गावात ही नाटके शिकवताना काही गोष्टी ध्यानात आल्या. त्या पुरावा म्हणून नव्हे, निरीक्षण म्हणून नोंदवतो. बी. ए. च्या वर्गात ‘तृतीय रत्न’चे वाचन केले तेव्हा जोशाचे संवाद वाचणाऱ्या मुलाने ते इतक्या सहजतेने वाचले की कोणी हसलेच नाही. अरुणावतीच्या काठच्या या भागात कापूस आणि सोयाबीन पिकते. पेरणीआधी उसनवारी होते. वर्गातील निम्म्या मुलांच्या घरी कर्ज हा शब्द रोजचा आहे. कुणबी पैसे आणायला निघतो तेथे वर्ग शांत झाला. विनोद कळला नाही असे नव्हे, तो फार लवकर कळला.

गटण्याच्या वेळी मात्र हशा पिकला. तास संपल्यावर एक मुलगी थांबली. ती जवळच्या तांड्यावरून येते, घरी गोरमाटी बोलते, आणि वक्तृत्व स्पर्धेत तिने बक्षिसे मिळवली आहेत. तिने विचारले, “सर, मी पण असंच बोलते का?” मी नाही म्हणालो. उत्तर खरे नव्हते. ती तशीच बोलते, कारण आम्हीच तिला तसे बोलायला शिकवले आहे. आणि आम्हीही आमच्या शोधनिबंधांत, 2010 नंतरच्या गुणांकांच्या धावपळीत, त्याहून बरे बोलत आलो असे मला म्हणवत नाही. प्रस्तुत लेखातही ‘प्रस्तुत’ हा शब्द आला आहेच.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात तिने मंजुळेचे स्वगत करायचे ठरवले. तालमीत वेगळीच अडचण निघाली. मंजुळेची रस्त्यावरची बोली आम्हा सर्वांना नैसर्गिक, अशिक्षित, सोपी वाटत होती. तिला ती येत नव्हती. मुंबईच्या फुलवालीची ती मराठी तिच्यासाठी प्राध्यापकाच्या मराठीइतकीच परकी होती. तिने दोन्ही पाठ केल्या, एका वहीत, समोरासमोरच्या पानांवर.