कॉर्सेटचं माप आणि चोळीची गाठ

पोशाखावर प्रबंध लिहायचा विचार असेल, तर व्हॅलेरी स्टील यांचं ‘द कॉर्सेट : अ कल्चरल हिस्टरी’ हे २००१ सालचं पुस्तक वाचाच. शहापूर-मुरबाडच्या चोळीवर काम करणाऱ्यानं युरोपातल्या कंबरा कशाला मोजायच्या, असं मला बरेच जण विचारतात. मोजायच्या नाहीतच. त्या मोजता येतात का, एवढंच बघायचं.

‘कॉर्सेट म्हणजे बाईचा तुरुंग’ हे सोपं वाक्य स्टील यांना मान्य नाही. अठरा इंची कंबरेच्या कहाण्या त्या थेट वस्तूंपाशी नेऊन तपासतात. कॉर्सेट बंद करून मोजलं तर माप लहान भरेल. पण अंगावर असताना मागची नाडी पूर्ण ओढलेली असेलच असं नाही, मधे फट राहायची. म्हणजे कापडाचं माप वेगळं, कंबरेचं वेगळं. एवढ्या एका मुद्द्यासाठी पुस्तक ग्रंथालयातून मिळवावं.

माझी तक्रार आहे ती साहित्याबद्दल. चित्रं, जाहिराती भरपूर. शिवणीकडे लक्ष कमी. व्हेलबोन हे हाड नव्हेच, देवमाशाच्या तोंडातल्या गाळणीच्या पट्ट्या त्या. उष्णतेनं मऊ होतात, अंगाचा आकार धरतात. १८२०च्या दशकाच्या अखेरीस नाडीच्या भोकांना धातूच्या कड्या आल्या आणि कापड न फाटता नाडी जोरात आवळता येऊ लागली. घट्टपणाचं कारण फक्त सौंदर्यकल्पनेत शोधलं, तर या कड्या सुटतात. म्हणून नोरा वॉ यांचं ‘कॉर्सेट्स अँड क्रिनोलिन्स’ (१९५४) शेजारी ठेवा. त्यात बेतण्याचे नमुने आहेत.

आता इकडे या. १८८२च्या ठाणे गॅझेटियरमध्ये पोशाख जातवार नोंदलाय. चोळी घट्ट की सैल, हे मात्र त्यात शोधू नका. आपल्या गाठीच्या चोळीत ना पट्ट्या, ना हुक. काखेखालचा जोडतुकडा हात उचलायला जागा देतो, बाकी सगळा भार पुढच्या गाठीवर. भातलावणीला वाकताना, दिवस गेल्यावर, बाळ अंगावर असताना गाठ सरकते, चोळी तीच. हुकांच्या ब्लाउजला ही सोय नाही, म्हणून शिंपी शिवणीत माया सोडतो. (हा शब्द कुणी दिला असेल?)

अशी रिकामी चोळी टेबलावर पसरून छाती मोजली, की ‘पूर्वी इथल्या बायका किती बारीक होत्या’ हे वाक्य प्रबंधात आलंच. कुपोषणासाठीच बातमीत येणाऱ्या भागात ते लगेच खरं वाटतं, आणि पुढचे चार जण तेच उद्धृत करतात.

तेव्हा जुनी चोळी हाती आली तर टेप नंतर काढा. आधी गाठीची टोकं बघा : कापड कुठवर चुरगळलंय, कुठे विटलंय. दोन जागी खुणा दिसल्या तर दोन्ही लिहा. आणि ती घालणारी आजी हयात असेल, तर तिलाच बांधून दाखवायला सांगा.